दरबारानंतरची मराठी : झाशीतील मराठी समाज आणि त्याच्या सामूहिक संस्था

बृहन्महाराष्ट्राच्या अभ्यासात बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर ही नावे ज्या सहजतेने येतात, त्या सहजतेने झाशीचे नाव येत नाही. राणी लक्ष्मीबाईंमुळे झाशी प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज मात्र फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. मराठी साहित्य संमेलन १९०९ मध्ये बडोद्यास, १९१७ मध्ये इंदुरास आणि १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्वाल्हेरीस भरले. ग्वाल्हेरहून शंभरएक किलोमीटरवर असलेल्या झाशीस ते कधीच भरले नाही. हा फरक केवळ लोकसंख्येचा नाही. वर उल्लेखिलेल्या तिन्ही नगरांत मराठी राजसत्ता स्वातंत्र्यापर्यंत टिकली आणि तिच्या आश्रयाने ग्रंथालये, सभा, नाट्यमंडळ्या वाढल्या. झाशीचा राजाश्रय १८५४ सालीच संपला. त्यानंतर तेथील मराठी समाजाला जे काही सामूहिक जीवन उभारायचे होते ते वर्गणीवर, देवळाच्या आवारात आणि घरच्या ओटीवर उभारावे लागले.

या समाजाची घडण समजून घेण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. बंगशाच्या स्वारीत पहिल्या बाजीरावाने केलेल्या साहाय्यानंतर छत्रसालाच्या राज्याचा एक हिस्सा पेशव्यांकडे आला. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचा सुभेदार झाला. ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने बांधलेल्या किल्ल्याचा त्याने विस्तार केला आणि किल्ल्याखाली शहर वसवले. पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभा गेल्यावर दक्षिणी कुटुंबांची वस्ती स्थिरावली. लक्ष्मी तलावाकाठचे महालक्ष्मीचे मंदिर ही या घराण्याच्या कुलदैवताची बुंदेलखंडातील स्थापना होय. कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य, कीर्तनकार असा हा समाज होता. त्याची उपजीविका आणि त्याचा सण-उत्सव या दोहोंचे केंद्र दरबार हेच होते.

या दरबारी सामूहिक जीवनाचे सर्वांत जिवंत वर्णन झाशीकराने केलेले नाही. ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी केले. द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेले हे भटजी १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकले. वार्धक्यात लिहिलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये आपल्या हाताने संस्कारून प्रसिद्ध केला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनात १९६६ मध्ये आली. या ग्रंथात लढाई आहे, तसेच गंगाधररावांचा नाटकांचा षोक, राजवाड्यातील संस्कृत ग्रंथसंग्रह व त्याची विटंबना, आणि राणीने केलेले चैत्रगौरीचे हळदीकुंकू हेही आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर नाट्यगृह, ग्रंथालय आणि महिला मंडळ या तिन्ही संस्था एकाच वाड्याच्या खर्चाने चालत होत्या. एप्रिल १८५८ मध्ये त्यांपैकी पहिल्या दोन नष्ट झाल्या. तिसरी उरली, कारण तिला वाड्याची गरज नव्हती.

हळदीकुंकवाचा हा धागा तौलनिक अभ्यासकाने नीट पाहावा असा आहे. वृंदावनलाल वर्मा हे झाशीतच वकिली करणारे लेखक. त्यांच्या ‘झाँसी की रानी’ (१९४६) या हिंदी कादंबरीत हाच समारंभ ‘हरदी-कूँकूँ’ या बुंदेली उच्चारात अवतरतो. गोडसे भटजींना हा समारंभ वैभवाचे दर्शन म्हणून दिसतो : आरास, फराळ, शहरातील स्त्रियांची रीघ. वर्मांच्या कादंबरीत तो वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांना राणीजवळ आणणारा प्रसंग होतो. कोरी समाजातील झलकारी तेथे येते, आणि नवऱ्याचे नाव आडवळणाने घेण्याचा खेळ रंगतो. उखाण्याची ही रीत मराठी वाचकाला घरचीच वाटेल. परंतु येथे ती दक्षिणी बायकांची खूण राहिलेली नाही, ती झाशीची रीत झाली आहे. स्थलांतरित समाजाचा विधी यजमान भाषेच्या कादंबरीत शिरतो तेव्हा त्याचा अर्थ असा बदलतो. वर्मांनी हा बदल इतिहास म्हणून मांडला, त्यात कल्पनेचा वाटा किती हा प्रश्न वेगळा.

१८५८ नंतर शहराचे स्वामित्व दोनदा फिरले. १८६१ मध्ये ते शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार यांच्या मोबदल्यात इंग्रजांकडे परत आले. त्याच सुमारास झाशी हे रेल्वेचे मोठे केंद्र झाले. इंडियन मिडलँड रेल्वे १९०० साली मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत विलीन झाली. १९५१ नंतर झाशी विभाग मध्य रेल्वेत राहिला. याचा परिणाम असा की शंभर वर्षे झाशीचा कारभार मुंबईच्या मुख्यालयाशी बांधलेला होता, आणि बदलीच्या निमित्ताने येणाऱ्या मराठी नोकरदारांची वाट त्यामुळे खुली राहिली. सुभेदारीच्या काळातील घराणी आणि रेल्वेबरोबर आलेली कुटुंबे असे दोन थर त्यामुळे एकत्र आले. पहिल्या थराची मराठी बुंदेलीत मुरलेली, दुसऱ्याची ताजी. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे स्थापन होऊन मुख्यालय अलाहाबादला गेले, तेव्हा ही वाट अरुंद झाली. भाषेच्या इतिहासात प्रशासकीय आदेशांची नोंद क्वचितच होते. ती व्हायला हवी.

या दोन थरांना एकत्र आणणारी जागा म्हणजे देऊळ. झाशीच्या जुन्या गणेश मंदिराशी १८४२ मधील राणीच्या विवाहाची आठवण निगडित आहे. गणेशोत्सव, अथर्वशीर्षाची आवर्तने, आरत्या, संक्रांतीचे तिळगूळ हा अशा मंडळांचा नेहमीचा कार्यक्रम. त्यात साहित्यसभा नसते असे नाही, पण ती उत्सवाला जोडून येते. इंदूर-ग्वाल्हेरला सभेतून उत्सव निघू शकला. झाशीत क्रम उलटा राहिला.

आणि समाजातील कर्त्या माणसांचे सार्वजनिक जीवन? ते हिंदीत गेले. चंद्रशेखर आझादांचे सहकारी सदाशिवराव मलकापूरकर १९२९ मध्ये भगवानदास माहौर यांच्यासह भुसावळला पकडले गेले. विश्वनाथ गंगाधर वैशंपायन यांनी आझादांचे चरित्र लिहिले ते हिंदीत. सर्वांत बोलके उदाहरण रघुनाथ विनायक धुळेकर (१८९१–१९८०) यांचे. झाशीच्या मराठी कुटुंबातील हा स्वातंत्र्यसैनिक १० डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत हिंदुस्तानीत बोलू लागला. अनेक सभासदांना ती भाषा येत नाही असे अध्यक्षांनी सांगितल्यावर, ज्यांना हिंदुस्तानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा अधिकार नाही, असे धुळेकरांनी सुनावले. पुढे ते लोकसभेत गेले आणि उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले. त्यांचे विधान असमर्थनीय होते, यात शंका नाही. तथापि त्यामागे मराठीचा तिटकारा पाहणे चूक ठरेल. घरातील भाषा आणि चौकातील भाषा यांची वाटणी झाशीकर मराठी माणसाने फार पूर्वीच स्वीकारली होती, आणि धुळेकर चौकातून बोलत होते.

या वाटणीमुळे एक विलक्षण परिस्थिती उद्भवली. झाशीविषयीचे महत्त्वाचे मराठी लेखन बाहेरच्यांचे आहे : कोकणचे गोडसे, आणि १८९४ मध्ये राणीचे चरित्र लिहिणारे दत्तात्रय बळवंत पारसनीस. बंगालीत महाश्वेतादेवी बुंदेलखंडात हिंडून, लोकगीते गोळा करून १९५६ मध्ये ‘झाँसीर रानी’ लिहितात. झाशीत राहून झाशीवर लिहिणारे वर्मा हिंदीत लिहितात. आणि ज्या ग्रंथात या समाजाच्या पूर्वजांचे सण, घरे, मृत्यू नोंदलेले आहेत तो ‘माझा प्रवास’ हिंदी प्रदेशाला परिचित झाला तो अमृतलाल नागरांच्या ‘आँखों देखा ग़दर’ या अनुवादातून. आरती मराठीत म्हणणाऱ्या, पण मोडी किंवा जुने मराठी गद्य न वाचणाऱ्या झाशीतील तरुण वाचकालाही आपल्या पणजोबांच्या शहराची ही कथा हिंदीतूनच वाचावी लागते.