रूळ जुळले तेव्हा

श्रोतेहो, कुर्डुवाडी स्टेशनातली जुनी धांदल वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मुंबईच्या गाडीच्या दोन रुळांत अंतर साडेपाच फूट, बार्शी लाईटच्या अडीच. मग काय, प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवायचे नि दुसरीत चढवायचे! हमाली जाई, वेळ जाई, सांडलवंड वेगळीच.

देशातले बहुतेक रूळ एकाच मापाचे करावेत, हे धोरण १९९२ साली हाती घेतले गेले. पुढे मिरज-कुर्डुवाडी-लातूर मार्गही रुंद झाला.

एप्रिल २०१६. लातूर तहानलेले. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या टाकीच्या वाघिणी आल्या होत्या थेट राजस्थानातल्या कोट्याहून. अडीच फुटी रुळांवर त्या चढल्याच नसत्या. एवढ्या पाण्याने शहराची तहान कुठली भागायला! पण पावसाळ्यापर्यंत खेपा चालू राहिल्या.