हाडासारखा दगड आणि दगड झालेले हाड

चिरेखाणीत किंवा व्हाळाच्या पात्रात सापडलेला एखादा सच्छिद्र दगड विद्यार्थी शाळेत घेऊन येतात आणि ‘हे डायनोसॉरचे हाड आहे काय?’ व ‘याची किंमत किती येईल?’ असे दोन प्रश्न एकदमच विचारतात. सावंतवाडी परिसरातील शिक्षकांस पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी द्यावे लागेल. परंतु ते कारणे दाखवून द्यावे.

आपल्याकडील काही खडक डायनोसॉरांच्या कितीतरी आधीचे आहेत. आंबोली घाटातील काळा पाषाण हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थर होय. तप्त रसात हाडे टिकत नाहीत. जांभा तर खडक कुजून पुष्कळ नंतर तयार झाला. नेमका हा जांभाच हाडाचा भास उत्पन्न करतो. त्याची छिद्रे वेडीवाकडी व लहानमोठी असतात आणि त्यांत पिवळसर माती भरलेली आढळते. अश्मीभूत हाडाच्या तुटलेल्या कडेवर भिंग धरल्यास बाहेर घट्ट कवच व आत बारीक जाळी, अशी नियमित रचना दिसते. ताज्या हाडाचा लहान कण जाळल्यास केस जळल्यासारखा वास येतो; पुरते अश्मीभूत झालेले हाड असा वास देत नाही. जिभेला लावून पाहण्याची जुनी रीत मुलांना शिकवू नये. काही प्रकारची मातीही जिभेस चिकटते. काळ्या पाषाणाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटून होणारे वाटोळे गोटे हीदेखील अंडी नव्हेत.

खरी हाडे पाहावयाची तर आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे नाव घ्यावे लागते. तेथे लाव्हारसाच्या थरांखालील लॅमेटा नावाच्या जुन्या गाळाच्या खडकांत महाकाय शाकाहारी डायनोसॉरांचे अवशेष मिळाले आहेत. हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठेचे गोळेही मिळाले. विष्ठा म्हटल्यावर वर्गात हशा पिकेल. तो पिकू द्यावा. त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या काळी गवत होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

आता किमतीविषयी. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्टेगोसॉरसचा एक सांगाडा लिलावात ४ कोटी ४६ लक्ष डॉलरांस विकला गेला. अशा बातम्यांनी मुलांचे डोळे दिपतात. परंतु तो जवळजवळ संपूर्ण सांगाडा होता. सुट्या तुकड्यास त्यावरून भाव लावणे व्यर्थ होय. शास्त्राच्या दृष्टीने मोल ठरते ते हाड कोणत्या गावी, कोणत्या थरात व कशाच्या शेजारी मिळाले यावर. पिसदुऱ्याचा गोळा कोठला हे ठाऊक नसते, तर गवताचा तो पुरावा कोणत्या काळाचा हे कळले नसते.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्ञात असलेल्या स्लीमन या अधिकाऱ्यास १८२८ साली जबलपूर येथे काही हाडे मिळाली. ती कोलकात्यास गेली. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून लिडेकर याने १८७७ साली ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे ते मणके नाहीसे झाले! अखेर २०१२ साली त्यांतील एक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्याच्या संग्रहातच आढळला. जुनी वर्णने व चित्रे उपलब्ध होती म्हणूनच तो ओळखता आला.

तेव्हा सहलीत अथवा अन्यत्र संशयास्पद अवशेष दिसल्यास तो उकरू नये, धुऊ नये, विकणाऱ्याच्या हाती देऊ नये. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेचा नकाशा काढावा व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावे. तुकडा आधीच सुटून कोणी आणला असेल, तर गाव, जागा, दिनांक व आणणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी त्याच डबीत त्याच दिवशी ठेवावी.