दुधाळ्याच्या शिवारातल्या दोन भुजा

वास्तू जागेला साजेशी असावी, असे वास्तुरचनाकार नेहमी सांगतात. हिंगोली जिल्ह्यात जी वास्तू होऊ घातली आहे, तिची जागा चुकली तर ती बंदच पडेल. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसवत जाणाऱ्या लहरी, टिपणारी वेधशाळा उभारली जाणार आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. एक भुजा झपझप चालायला पाऊण तास लागेल; लेसरचा किरण तेच अंतर सेकंदाच्या ७५ हजाराव्या भागात कापेल.

एवढ्या लांबीत पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. कोपऱ्यातून आडवा सोडलेला किरण ४ किलोमीटरवर पोचेपर्यंत जमीन त्याच्याखाली सव्वा मीटर उतरलेली असते. गवंड्याची पाणसळ इथे उपयोगाची नाही, कारण पृथ्वी वळते तशी पाणसळही वळत जाते. अमेरिकेत अशाच दोन लायगो वेधशाळा आहेत; त्यांचा काँक्रीटचा पाया ओतताना हा फरक मोजून भरून काढावा लागला.

पायावर पोलादी नळी. व्यास १.२ मीटर, पत्रा अवघा ३ मिलिमीटर. दोन्ही भुजांतली मिळून सुमारे १० टन हवा उपसायची, ती इतकी की आत वातावरणाच्या दाबाचा एक लाख कोटीवा भाग उरावा. बाहेरून प्रत्येक नळीवर हवेचा भार पडतो दीड लाख टन! नळीच्या टोकाला ४० किलोचा आरसा, तोही ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूंवर टांगलेला.

हा खटाटोप कशासाठी? १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली लहर सापडली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली आणि तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचे अंतर केसाच्या जाडीइतके बदलावे आणि ते आपल्याला कळावे, इतकी बारीक ती भुजांच्या लांबीतल्या फरकाची मोजणी होती.

इतक्या नाजूक यंत्राला समुद्राच्या लाटाही त्रास देतात, मालगाड्याही. म्हणून समुद्रापासून लांबचा, वर्दळ कमी असलेला हा भाग. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा अनेकांना या निवडीविषयी शंका आली. शंका रास्त आहे. पण असे धक्के क्वचित येतात आणि तेवढ्यापुरती नोंद थांबवता येते. रोजची थरथर मात्र थांबवता येत नाही, आणि वेधशाळेचा खरा वैरी तीच.

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळा पूर्ण करण्याचे उद्दिष्ट २०३० चे आहे. अमेरिकेत दोन्ही लायगोंच्या आवारात लोकांसाठी विज्ञान केंद्र आहे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला राज्यभरातून भाविक येतात, हेमाडपंती मंदिरातल्या अरुंद गाभाऱ्यात वाकून उतरतात. त्यांच्या वाटेवरच एक दालन हवे, जिथे त्या टांगलेल्या आरशाची प्रतिकृती हातभर अंतरावरून पाहता येईल आणि मार्गदर्शक मराठीत बोलेल. उरल्यासुरल्या पैशांतून नंतर बांधलेली खोली नको; वेधशाळेच्या बरोबरीनेच ते उघडावे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगावच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी ही मागणी आत्ताच लेखी करावी.