वाजवून घ्यावी अशी होडी

फायबरची जुनी होडी बघायला गेलात तर रंग बघू नका, किंमतही लगेच विचारू नका. आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करा. टोकापासून सुरुवात करा आणि वीतभर अंतराने सरकत मागच्या फळीपर्यंत या. कुंभारवाड्यात माठ घेताना आपण करतो, अगदी तसंच. आवाज खणखणीत आला तर पुढे सरका. मध्येच तो ‘भद्द’ झाला, तर तिथे थांबा. त्या जागी होडीचे थर एकमेकांपासून सुटलेले असण्याची दाट शक्यता आहे.

थर कशाचे? काचेचे! उजनी धरणाच्या लाटा झेलणारी ही होडी चक्क काचेची असते. हातातून पडली की ठिकऱ्या उडणारी काच माणसं, जाळी, इंजिन असं सगळं ओझं घेऊन पाण्यावर कशी टिकते?

याचं उत्तर १९२१ साली ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने दिलं. काच मुळात दुबळी नसते. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ताण आला की तडा तिथूनच धावतो. मात्र काचेची तार ओढून केसाहूनही बारीक केली तर मोठी चीर मावायला जागाच उरत नाही. अशी ताजी तार वजनाच्या मानाने पोलादालाही मागे टाकते. असे असंख्य तंतू राळेत बसवले की एखादा तुटला तरी तडा शेजारच्या तंतूपर्यंत सहज पोचत नाही, मधली राळ त्याला अडवते. दोन ठिसूळ गोष्टींच्या संगतीतून इतकी चिवट वस्तू तयार होते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

मग अशी होडी म्हातारी होते कशी? पाणी फार सावकाश, वर्षानुवर्षं तिच्या कातडीतून आत झिरपतं. आत राळेतली काही द्रव्यं त्यात विरघळतात. हे दाट पाणी बाहेरचं पातळ पाणी आणखी ओढून घेतं आणि तळाला फोड येतात. एखादा फोड टोचून बघा. आतून चिकट पाणी येतं आणि त्याला शिरक्यासारखा आंबूस वास असतो. चार-दोन फोड घासून, वाळवून दुरुस्त होतात. सगळा तळच फोडांनी भरला असेल तर नमस्कार करून परत या. मागच्या फळीवर इंजिन असेल तर त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. फळी लवली तर तिच्या पोटातलं प्लायवूड कुजलं आहे असं समजा.

आता टेप काढा आणि रुंदी मोजा. वरच्या काठाची नको, जिथे पाणी लागतं तिथली. होडी कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाण्याचा वरचा रेटा त्या बाजूला सरकतो आणि तिला पुन्हा सरळ करतो. पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने १७४६ साली याचं गणित मांडलं, आणि त्यात एक भन्नाट गोष्ट दडली आहे. हा ताठपणा रुंदीच्या घनाने वाढतो. लांबी तीच ठेवून चार फुटांची होडी पाच फुटांची केली तर? चारचा घन ६४, पाचचा १२५. एका फुटात ताठपणा जवळजवळ दुप्पट!

म्हणून धरणाच्या पाण्यावर रुंद, सपाट तळाची होडी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण हा हिशेब थोडं कलण्यापुरताच खरा. माणसं उभी राहिली, ओझं वाढलं, वारा सुटला आणि काठावरून पाणी आत आलं की घन-बिन काही कामाला येत नाही. मे २०२४ मध्ये उजनीवर कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट होडीच्या किमतीतच धरा आणि अंगावर घाला. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी त्यांची परवानगीही हवी.

होडी जवळजवळ ठरली. पण माशाला ती कशी वाटेल?

कटला, रोहू, मृगळ या मंडळींच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यापासून कानापर्यंत मणक्याच्या कडेने इवल्याशा हाडांची साखळी जाते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचं वर्णन केलं. पिशवी आवाजाने थरथरते, हाडं ती थरथर कानात पोचवतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. मात्र हवेतला आवाज पाण्यात शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या ऊर्जेचा हजारातला एखादा भाग आत जातो, बाकी सगळा पृष्ठभागावरून परततो. म्हणजे होडीत बसून खुशाल गप्पा मारा, पण जेवणाचा डबा तळावर आपटू नका! पत्र्याची होडी स्वस्त मिळते आणि दणकटही असते, पण तिच्यात पायाखाली जाड रबर अंथरल्याशिवाय गळ टाकायला जाऊ नये.

दिसण्याचा प्रकार तर याहून अजब आहे. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं अख्खं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो आणि १८० अंशांचं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाबून बसवतो. खिडकीच्या बाहेर पृष्ठभागाचा आरसा होतो आणि त्यात तळ दिसतो. क्षितिजाजवळची वस्तू खिडकीच्या कडेला चेपली जाते, त्यामुळे खाली बसलेला माणूस माशाला जेमतेम दिसतो. तोच उभा राहिला की ठळक होतो. म्हणून बैठक खाली असलेली होडी निवडा.

जुना रॉड घेताना पुन्हा तीच काच भेटते. स्वस्त, चिवट रॉड बहुधा काचतंतूंचेच असतात. रॉडवरच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. डोळ्यांना न दिसलेल्या चिरेत कापसाचा धागा अडकतो, आणि जिथे कापूस अडकतो तिथेच उद्या गळाची दोरी, म्हणजे तंगूस, कापला जाईल. रिळाचा ब्रेक सैल करून तंगूस हाताने ओढा. तो एकसारखा सुटायला हवा, आचके देत सुटला तर आतल्या चकत्या दबल्या आहेत. नाजूक तोंडाचा मासा अशा आचक्याने हातचा जातो. अमेरिकेत क्रॅपी नावाच्या माशामागे हजारो गळवाले वेडे आहेत. त्याच्या तोंडाचा पडदा इतका नाजूक असतो की एका आचक्यात फाटतो.

तंगूस मात्र जुना घेऊच नका. नायलॉन १९३५ साली प्रयोगशाळेत जन्मलं आणि गळाची दोरी पालटून गेलं, पण ते पाणी पितं आणि उन्हाने आतून तुटत जातं. वरून मात्र नव्यासारखंच दिसतं. गळाच्या आकड्याचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. नखावर रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानस लावा.

आणि आकडा लहानच हवा, कारण आपल्याकडे हौशी माणसाच्या गळाला बहुतेकदा लागते ती चिलापी. हा आफ्रिकेचा मासा भारतात १९५२ साली आणला गेला, आणि आज उजनीकाठच्या भिगवणच्या खानावळीत तो घरचाच झाला आहे. नर उथळ तळाशी खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. शेकडो अंडी! पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. हे सुमारे दोन आठवडे चालतं आणि तेवढे दिवस ती जवळजवळ काही खात नाही. तुमचं गांडूळ कितीही ताजं असलं तरी तोंड भरलेली मादी त्याला विचारत नाही. तेव्हा काठाशी चिलापीचे गोल खड्डे दिसत असतील आणि तासभर गळ हलला नसेल, तर आमिष बदलत बसू नका. ती जागा पिल्लांना सोडा, वल्हं हलक्या हाताने मारा आणि कटल्यासाठी खोल पाण्याकडे चला.