हेलेनाचा मकबरा आणि आजूबाजूची वस्ती

रोमला जाणारे बहुतेक लोक कोलोसियम आणि व्हॅटिकन पाहून परततात. शहराच्या पूर्वेला, व्हिया कासिलिना या जुन्या रस्त्यावर, तोर्पिन्यातारा नावाची कामगारवस्ती आहे. तिकडे पर्यटक फारसे फिरकत नाहीत. आम्ही छोट्या पिवळ्या गाडीने तिथे उतरलो तेव्हा पहिली पाटी दिसली ती बंगालीत. मग हलाल मटणाचे दुकान, भेंडी-कारल्याच्या टोपल्या, पैसे पाठवण्याची कचेरी. बांगलादेशी लोकांची एवढी मोठी वस्ती रोममध्ये दुसरीकडे क्वचितच असेल.

याच वस्तीत रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनची आई हेलेना हिचा मकबरा आहे. विटांच्या गोल भिंती उभ्या आहेत, वरचा घुमट केव्हाच कोसळला. आतला व्यास सुमारे 20 मीटर. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांना हे मोजमाप किरकोळ वाटेल. पण गोलघुमटापेक्षा ही इमारत तेराशे वर्षांनी जुनी आहे. फुटलेल्या भिंतीत वर नीट पाहिले तर मातीची मडकी दिसतात. घुमटाचे वजन कमी व्हावे म्हणून रोमन गवंड्यांनी रिकामी मडकी चुन्यात बसवली होती. इटालियन भाषेत अशा मडक्यांना ‘पिन्यात्ते’ म्हणतात. त्यावरून हा झाला मडक्यांचा बुरूज आणि पुढे साऱ्या वस्तीचे नाव तोर्पिन्यातारा. सम्राज्ञीचे नाव मागे पडले, मडक्यांचे राहिले. आम्हाला हे फार आवडले.

जमिनीखाली ख्रिस्ती लोकांची भुयारी दफनभूमी आहे. मकबऱ्याच्या आत जायचे तर आधी कळवून ठेवावे लागते.

त्याहून जुनी गोष्ट मात्र मन अस्वस्थ करते. इथे पूर्वी सम्राटाच्या घोडेस्वार रक्षकांचे कब्रस्तान होते. इ.स. 312 मध्ये गादीसाठी लढाई झाली, तीत हे स्वार मॅक्सेंटियसच्या बाजूने लढले आणि हरले. कॉन्स्टंटाईनने त्यांचे पथकच मोडून टाकले. त्यांच्या कब्रस्तानावर त्याने चर्च आणि त्याला लागून हा मकबरा उभारला. उत्खननात या स्वारांच्या कबरींचे दगड चर्चच्या पायात घातलेले सापडले. हरलेल्याची कबरही त्याची राहिली नाही!

मकबरा बहुधा कॉन्स्टंटाईनने स्वतःसाठीच बांधायला घेतला होता. पण त्याने राजधानी बॉस्फरसच्या काठी नेली आणि 337 मध्ये वारल्यावर तो तिकडेच, कॉन्स्टंटिनोपलच्या पवित्र प्रेषितांच्या चर्चमध्ये पुरला गेला. त्या चर्चच्या जागी आज इस्तंबूलची फातिह मशीद आहे. आई मात्र इथे आली. तिची लालजांभळ्या दगडाची शवपेटी आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. हा दगड मिसरच्या वाळवंटातून आणलेला. पेटीवर घोडेस्वार आणि बांधलेले कैदी कोरले आहेत. एका म्हाताऱ्या बाईच्या पेटीवर लढाई कशाला? म्हणूनच अभ्यासक म्हणतात की पेटीही मुलासाठीच घडवली असावी. बाराव्या शतकात चौथ्या अनास्तासियस पोपने स्वतःच्या दफनासाठी ती उचलून नेली. म्हणजे आईलाही तिची जागा टिकली नाही.

बाहेर आलो तर जोहरची वेळ झाली होती. नमाजची जागा म्हणजे एक दुकानाचा गाळा. बायकांसाठी मागे पडदा. रोमची मोठी मशीद 1995 मध्ये सुरू झाली खरी, पण ती शहराच्या उत्तरेला; रोज कामावरून तिथे कोण जाणार? 2016 च्या ऑक्टोबरमध्ये अशा काही जागा बंद केल्या गेल्या, तेव्हा मुसलमानांनी कोलोसियमजवळ उघड्यावर जुम्याची नमाज पढून निषेध केला होता.

समोरच्या किराणावाल्याने सलाम करून चहा दिला. शरीयतपूर जिल्ह्यातला माणूस, वीस वर्षे रोममध्ये. आमच्यातल्या एकीने मोडक्या हिंदीतच विचारले, “भाई, इथे कोणी वारले तर?”

“आपा, इथे प्रिमा पोर्ताच्या कब्रस्तानात मुसलमानांचा भाग आहे. पण जागा किती पुरणार? आम्ही चंदा गोळा करतो, मय्यत विमानाने घरी पाठवतो. करोनात विमाने बंद होती, तेव्हा फार हाल झाले.”

ते खरेच आहे. इटलीत सुमारे आठ हजार नगरपालिका आहेत. त्यांतल्या फार थोड्यांच्या कब्रस्तानात मुसलमानांसाठी वेगळी जागा आहे. 2020 च्या वसंतात कित्येक कुटुंबांना मय्यत घरात किंवा शवागारात ठेवून वाट पाहावी लागली. आखातातून येणाऱ्या मय्यतीची वाट पाहिलेल्या आपल्या कोकणातल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

“तुमची स्वतःची इच्छा काय?” आम्ही विचारले.

“मुले इथे जन्मली,” तो म्हणाला. “ती म्हणतात, अब्बा, तिकडे पुरले तर आम्ही फातिहा पढायला यायचे कसे? त्यांच्या अम्मीला मात्र गावच हवे आहे. अजून घरात ठरलेले नाही.” एवढ्यात गिऱ्हाईक आले आणि तो तांदूळ मोजायला उठला.