मोगऱ्याचे झोपलेले डोळे

फेब्रुवारीत मोगऱ्याची कुंडी अगदी केविलवाणी दिसते. पानं पिवळट आणि धुळकट, फांद्यांच्या काटक्या झालेल्या, फुलाचा तर पत्ताच नाही. घरात कुणीतरी म्हणतंच, "गेलं वाटतं हे झाड. टाकून द्या आता."

थांबा! टाकायच्या आधी एका फांदीची साल नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं का? मग झाड जिवंत आहे, आणि उन्हाळ्यात फुलायची त्याची पूर्ण तयारी आहे. त्याला फक्त तुमची थोडी मदत हवी आहे.

ही मदत मात्र विचित्र असते. माळीकाका येतात, सिकेटर काढतात आणि कचाकच फांद्या कापतात! निम्मं झाड खाली पडतं. पाहणाऱ्याचा जीव हळहळतो. पण थोड्याच आठवड्यांत त्याच बोडक्या झाडावर लालसर-पोपटी पालवी फुटते आणि पुढे कळ्यांचे झुपके लागतात. कापल्यावर झाड कमी व्हायला हवं, मग ते वाढतं कसं?

उत्तर शोधायला भिंग घ्या. नसलं तरी चालेल, डोळे बारीक करून बघा. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो, तिथे बगलेत एक इवलासा फुगवटा दिसेल. माळी त्याला डोळा म्हणतात. त्या डोळ्यात अख्खी नवी फांदी घडी घालून बसलेली असते! मोगऱ्याची पानं बहुतेक वेळा समोरासमोर जोडीनं येतात, म्हणून प्रत्येक पेरावर दोन डोळे. एका फांदीवर दहा पेरं असतील तर वीस फांद्या वाट बघत बसल्या आहेत.

मग त्या बाहेर का येत नाहीत? कारण वर शेंडा बसलेला असतो, आणि तो त्यांना उठू देत नाही.

शेंड्यात काहीतरी खास आहे, हे चार्ल्स डार्विन यांना जाणवलं होतं. त्यांनी आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले. कोंब उजेडाकडे वाकतात, पण शेंड्यावर टोपी घातली तर वाकत नाहीत! १८८० साली त्यांनी हे पुस्तकात लिहिलं. पुढे १९२० च्या दशकात नेदरलँड्समधल्या फ्रिट्स वेंट यांनी कोंबांचे शेंडे कापून अगारच्या पातळ तुकड्यावर ठेवले. अगार म्हणजे आपल्याकडे जेलीत घालतात तो चायना ग्रास. शेंड्यातलं रसायन त्या तुकड्यात झिरपलं. मग नुसता तो तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर ठेवला, तर कोंब वाढू लागला! त्या रसायनाचं नाव ऑक्सिन.

१९३३ मध्ये केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा छाटला. खालचे डोळे जागे झाले. दुसऱ्या रोपाचा शेंडा छाटून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर डोळे झोपलेलेच! रोपाला वाटलं, शेंडा अजून आहे.

गोष्ट इथे संपली असं वाटेल. पण ऑक्सिन फार हळू सरकतं, तासाला साधारण १ सेंटीमीटर. मग शेंड्यापासून लांब असलेल्या डोळ्याला 'शेंडा गेला' ही बातमी कळायला खूप वेळ लागायला हवा, नाही का? ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी वाटाण्याच्या रोपांवर हे तपासलं, तर डोळे त्याआधीच हलायला लागलेले! २०१४ मध्ये त्यांनी कारण सांगितलं: साखर. पानं उन्हात साखर बनवतात आणि शेंडा असतो भारी खादाड, तो बरीचशी साखर स्वतःकडे ओढून घेतो. शेंडा गेला की तीच साखर झपाट्यानं डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. म्हणजे या कामात साखर आणि ऑक्सिन दोघांचाही हात आहे. मला तर हा शोध फार आवडतो. रोज दिसणाऱ्या फांदीत अजून नवं काही सापडतंच आहे!

आता मोगऱ्याची फुलं येतात नव्या फुटव्यांच्या टोकाला. जितके डोळे जागे होतील तितके फुटवे, आणि जितके फुटवे तितके झुपके. म्हणून थंडी ओसरताना छाटणी करायची. मोठ्या माणसाला सोबत घ्या, डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्या आणि सिकेटर स्वच्छ असू द्या. मग वरची माती खुरप्यानं मोकळी करा. मुळांनाही श्वासाला हवा लागते, आणि घट्ट बसलेल्या मातीत ती पोचत नाही. ओंजळभर गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत घाला, पाणी द्या आणि कुंडी भरपूर उन्हात ठेवा. सावलीत पुरेशी साखरच बनणार नाही, मग कळ्या कुठून येणार?

घरातल्या मनी प्लांटचंही असंच. लांबच लांब एकच वेल लोंबत असेल तर टोक कापा, खालून नवे फुटवे येतील. कापलेला तुकडा पाण्यात ठेवताना त्यावर एक तरी पेर हवं. नुसत्या पानातून नवा वेल निघत नाही, कारण त्याच्यापाशी डोळाच नसतो.

पण सिकेटर हातात आलं म्हणून नारळाकडे वळू नका हं! नारळ, सुपारी यांना वाढायला एकच शेंडा असतो, बगलेतून फांद्या फुटत नाहीत. तो शेंडा गेला की झाड मरतं. कोकणातले बागायतदार गेंड्या भुंग्यावर इतका बारीक डोळा ठेवतात ते यासाठीच. तो नेमका नारळाचा कोवळा शेंडा पोखरतो.

प्रयोग करायचाय? तुळशीच्या साधारण सारख्या दोन फांद्या निवडा. एकीचा शेंडा नखानं खुडा, दुसरी तशीच ठेवा, दोन्हींना वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. रोज वहीत लिहा: डोळा कधी फुगला, पहिलं पान कधी उलगडलं, किती फुटवे आले. मग जास्वंदीवर हाच प्रयोग करा. तिथे सगळ्यात वरच्या पेरावरून किती फुटवे येतील? आधी अंदाज लिहून ठेवा, आणि तो लिहिण्यापूर्वी जास्वंदीची पानं समोरासमोर असतात का, हे एकदा बघून या.