हौदात पाणी मावतं तरी किती?

मैत्रिणींनो, मूल आठवीत गेलं की गणिताच्या पुस्तकात पृष्ठफळ आणि घनफळ येतं, आणि आपण हळूच स्वयंपाकघरात सटकतो. खरं की नाही? "बाबांना विचार," म्हणायचं आणि कणीक मळायला घ्यायची! मीही तेच करत होते. पण गेल्या उन्हाळ्यात खर्ड्याला, जाऊबाईंच्या अंगणात, या धड्यानं मला गाठलंच.

खर्डा म्हटलं की तुम्हाला १७९५ची मराठे-निजाम लढाई आठवेल, किल्ला आठवेल. आम्हा जामखेड तालुक्यातल्या बायकांना मात्र आधी पाणी आठवतं. जाऊबाईंनी अंगणात नवा हौद बांधून घेतला होता. गवंडी म्हणाला होता, चार हजार लिटरचा. पण भरलेला हौद हिशेबाप्रमाणे पुरेना. "गळतोय की काय गं?" ताईंचा जीव टांगणीला.

पुतणी तिथंच मोबाईल घेऊन बसलेली. पाठ्यपुस्तकावरचा तो काळापांढरा चौकोन मोबाईलला दाखवला की धड्याचं चित्रीकरण उघडतं, हे तुमच्या मुलांनी दाखवलं असेलच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग केला, पुढे तो राज्याच्या पुस्तकांत आला. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कारही त्यांना मिळाला. पुतणीच्या मोबाईलवर जिओजेब्रा नावाचं फुकट मिळणारं साधनही होतं. त्यात इष्टिकाचिती, म्हणजे आपला खोका, बोटानं फिरवता येतो, आणि त्याची घडण उलगडून सपाट करता येते. सहा बाजू समोर पसरल्या की त्यांचं क्षेत्रफळ मिळवायचं, झालं पृष्ठफळ. मला शाळेत हे कुणी दाखवलं असतं तर!

"काकू, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची," पोरगी पोपटासारखी म्हणाली. म्हटलं, मग हौद माप. तिनं बाहेरून टेप लावली: १.८ मीटर, १.५ मीटर, खोली १.५ मीटर. गुणाकार ४.०५ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. गवंडी बरोबर!

पण पाणी भिंतीत थोडंच मावतं? भिंती वीतभरही नाहीत, पंधरा सेंटिमीटरच्या. आतून मापलं तर १.५, १.२ आणि १.५. घनफळ २.७. हौद सत्तावीसशे लिटरचा निघाला! गळत नव्हता, मुळातच लहान होता. आतल्या गिलाव्याचं मापही तिनंच काढलं. चार भिंती ८.१ आणि तळ १.८, मिळून ९.९ चौरस मीटर. हे पृष्ठफळ, बरं का. ताईंनी तो कागद गवंड्यासाठी जपून ठेवला.

मोबाईलनं आकृती छान फिरवली, पण टेप आतून लावायची की बाहेरून, हे त्यानं सांगितलं नाही. म्हणून मुलांना पडद्यावर दाखवाच, पण हातातही काहीतरी द्या. आम्ही दुसऱ्या दिवशी केलेला हा खेळ तुम्हीही करून पाहा.

तीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद असे दोन सारखे पुठ्ठे घ्या. एकाची लांब बाजू वळवून बुटकी नळी करा, दुसऱ्याची आखूड बाजू वळवून उंच. कडा एकमेकींवर न चढवता फक्त भिडवून चिकटवा. दोन्हींना पुठ्ठा तेवढाच, म्हणजे वक्रपृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. आता मुलांना विचारा, ज्वारी जास्त कशात मावेल? बहुतेक उंच नळीकडे बोट दाखवतील. मीही दाखवलं होतं! उंच नळी बुटक्या नळीत उभी करा, ज्वारीनं भरा आणि अलगद वर काढा. ज्वारी खाली बसेल आणि बुटकी नळी वरच्या बाजूला रिकामीच राहील. उंच नळीत सुमारे ९५५ घन सेंटिमीटर मावतं, बुटकीत १४३२, म्हणजे नेमकं दीडपट. कारण उंची हिशेबात एकदाच येते, घेर मात्र दोनदा. हे कळल्यावर मग सूत्र पाठ करू द्या.

नळ्या ताटात ठेवायला विसरू नका. आम्ही विसरलो, आणि ताईंची ज्वारी संध्याकाळपर्यंत पलंगाखालून निघत होती.